नावावरची गाडी

झिजलेल्या दगडांना छिन्नीने टाकी लावून, खाचा पाडून झाल्या होत्या. गिरणीवालीने ते परत जागेवर बसवले, पट्टा चढवला, हात झटकले आणि खटका दाबला. मोटर नेहमीसारखी घुरघुरली. दोन-तीन दळणं नीट निघाली आणि मग खालून जळक्या रबराचा वास आला. तिने खटका पाडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. मोटरीच्या जाळीतून निळसर धूर निघत होता आणि दारात रांगेने ठेवलेले दळणाचे डबे जागच्या जागी राहिले होते.

दिवस कापणीनंतरचे. घराघरात धान्य येऊन पडलेलं. वर्षभर गिरणी कशीबशी पोटापुरतं देई, पण खरी कमाई याच दिवसांतली. या दिवसांत तिला जेवायला सवड नसे, अंगावरचं पीठ झाडायला सवड नसे. भुवयासुद्धा पांढऱ्या व्हायच्या आणि गावातली पोरं तिला म्हातारी म्हणून चिडवायची.

जळलेल्या मोटरीत नवी तांब्याची तार भरून देणारा बाजारच्या गावाहून आला. हीच मोटर त्याने आधी दोनदा भरली होती. त्याने झाकण उघडलं, आत नुसतं बघितलं आणि परत लावलं.

"वहिनी, या मोटरीत आता तांब्यापेक्षा माझीच मेहनत जास्त आहे," तो म्हणाला. "भरून देईन. पण महिन्याभरात परत बोलवाल आणि मलाच शिव्या द्याल."

नवीन मोटर घ्या आणि घेताच आहात तर दगडही बदला, पार झिजलेत, असं सांगून तो चहा पिऊन गेला. येण्याचे पैसे मात्र त्याने घेतले नाहीत. त्यावरून गिरणीवालीला कळलं की आता मोटरीत खरंच काही राम नाही.

नवरा दाराशी काट्याजवळ बसून हे सगळं ऐकत होता. गिरणी त्याच्या बापाची. उभं आयुष्य पिठात काढून त्याची छाती कामातून गेली होती. पोतं उचलणं सोडाच, चार वाक्यं सलग बोलायची तरी मध्ये थांबून दम घ्यावा लागे. तो वजन करायचा, पैसे घ्यायचा, गिऱ्हाइकाशी हवापाण्याचं बोलायचा. दळायचं काम तिचं आणि सुनेचं. मुलगा स्वतःच्या ट्रकवर होता. आला तर दोन दिवस झोपून काढायचा आणि परत जायचा.

"बँकेत जाऊन बघ," नवरा म्हणाला. "आपलं मागचं कर्ज फेडलंय ना सगळं. नाही कशाला म्हणतील?"

बँक मोठ्या रस्त्यावरच्या गावात होती. गिरणीवालीने पीठ झाडलेले, धुतलेले कपडे घातले, कागद पिशवीत घेतले आणि ती सकाळच्या गाडीने गेली. कर्जाचा साहेब तरुण होता, बोलायला बरा होता. त्याने कागद नीट लावून घेतले, तिचा ओळखपत्राचा नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"तुमच्या नावावर दुचाकीचं कर्ज आहे," तो म्हणाला. "बरेच हप्ते थकलेत."

गिरणीवालीला आधी हसूच आलं. "मला साधी सायकल येत नाही हो," ती म्हणाली. मागे रांगेत उभे होते ते दोघे-तिघे हसले. साहेब हसला नाही. मग तिच्याही लक्षात आलं की हसण्यासारखं यात काही नाही. मागच्यांपैकी एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला की हल्ली बायका नवऱ्याला न सांगता काहीबाही घेतात. तिने ते ऐकलं आणि मान वळवली नाही.

साहेबाने समजावून सांगितलं. कुणी कुठून कर्ज घेतलं, हप्ते भरले की बुडवले, याची माहिती सगळ्या बँका आणि फायनान्सवाले एका कंपनीला कळवतात. ती कंपनी माणसागणिक रिपोर्ट बनवते, त्याला आकडा देते, त्याला स्कोअर म्हणतात. तिचा स्कोअर पार तळाला होता. हा रिपोर्ट आमच्या हातातला नाही, तो म्हणाला. वर्षातून एकदा तो तुम्हाला फुकट बघता येतो, मोबाइलवर. चूक असेल तर तिथेच तक्रार करायची. ते सुधारतात. तोवर फाइल पुढे जाणार नाही.

"पण मी घेतलंच नाही," ती म्हणाली.

"मी कुठे म्हणतो घेतलंय म्हणून?" साहेब म्हणाला आणि त्याने कागद तिच्याकडे सरकवले.

सुनेला मोबाइलमधलं कळत होतं. गिरणीच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी नेटवर्क बरं यायचं. तिथे दोघी पालथ्या डब्यांवर बसल्या. सून विचारी तसं सासू सांगत गेली. मोबाइलवर आकडे आले, ते सुनेने भरले, परत वेगळे आले. उन्हात पडदा दिसेना म्हणून सून डोक्यावरचं फडकं मोबाइलवर धरून आत डोकं घालून बसली. तिथूनच तिने वाचायला सुरुवात केली.

सगळ्यात वर गिरणीवालीचं पूर्ण नाव होतं. तिला ते ऐकून कसंसंच झालं. गाव तिला गिरणीवाली म्हणे, सून आई म्हणे, नवरा नुसतं अगं म्हणे. सबंध नावाने तिला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. त्याखाली गिरणीच्या शेडसाठी काढलेलं जुनं कर्ज होतं, फिटलेलं, पुढे 'बंद' असं लिहिलेलं. त्याखाली दुचाकी. कधी न ऐकलेली एक फायनान्स कंपनी. आणि पुढे हप्त्यांचे चौकोन, पहिले काही हिरवे आणि मग सगळे लाल.

"कोणत्या सालची गाडी?" आतून नवऱ्याने विचारलं. त्याला सगळं ऐकू जात होतं.

सुनेने साल सांगितलं. तो दम खात बाहेर आला आणि भिंतीला धरून उभा राहिला.

"त्याच साली तुझ्या भावाने गाडी घेतली," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. घराच्या वाटणीला त्याने तुझे कागद नेले होते. फोटो नेला होता. ते परत दिले का?"

बापाचं घर भावाच्या नावावर करताना गिरणीवालीने आपला हिस्सा सोडला होता, तो आपखुशीने. धाकटा भाऊ, गवंडीकाम करतो, स्वतःचं घर बांधायला त्याच्याकडे काय आहे, असं म्हणून तिने सही केली होती. कागद परत मागायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

सून म्हणाली, "आई, आधी तक्रार करू. मामांना एवढ्यात काही विचारू नका."

तक्रार झाली. हे खातं माझं नाही, अशी खूण करायची होती, ती सुनेने केली. उत्तर महिन्याभरात येईल, असं मोबाइलने सांगितलं.

महिनाभर गिरणी बंद ठेवून चालणार नव्हतं. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळलं की पाय तिकडचेच होतात. म्हणून गिरणीवालीने ठरवलं की दळणं इथेच घ्यायची, हातगाडीवर घालून पलीकडच्या गावच्या चक्कीवर दळून आणायची आणि संध्याकाळी ज्याची त्याला द्यायची. चक्कीवाल्याला त्याचे पैसे दिले की हातात जेमतेम चहापाण्याचं उरे.

हातगाडी पुढून सासू ओढायची, मागून सून ढकलायची. पलीकडच्या गावाचा रस्ता खडीचा होता आणि ओढ्यापाशी वाळू. वाळूत चाकं रुतली की अर्धे डबे उतरवायचे, गाडी पार करायची, परत जाऊन डबे आणायचे. वारा समोरून यायचा आणि डोळ्यांत धूळ घालायचा. गिरणीवालीच्या खांद्यावर दोरीचे वळ उठले. रात्री सून वळांना तेल लावायची. तेल लावताना एकदा ती म्हणाली की तुमच्या मुलाला सांगते, ट्रक सोडून ये म्हणावं. सासू म्हणाली, "आला तर हप्ता कोण भरेल, त्याच्या ट्रकचा?" आणि हप्ता हा शब्द तोंडातून गेल्यावर तिलाच कसंतरी वाटलं.

चक्कीवाल्याची मशीन नवी होती. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याला बोलायची खोड होती.

"या मालकीणबाई," तो रोज म्हणायचा. "आज काय, गिऱ्हाईक म्हणून आलात की तपासायला?"

गावातल्यांची दळणं झाल्यावर तो यांची घ्यायचा. तोवर दोघी भिंतीच्या सावलीला डब्यांवर बसून राहायच्या. गिरणीवालीला स्वस्थ बसवत नसे. चक्कीचा आवाज ऐकून तिला कळायचं की दगड फार जवळ आलेत, पीठ तापतंय. पण चक्की दुसऱ्याची होती. एके दिवशी मक्यानंतर दगड मोकळे न करताच त्याने यांचा गहू टाकला. ज्या बाईचं दळण होतं तिने संध्याकाळी डब्याचं झाकण उघडलं, चिमटीत पीठ घेऊन बोटांवर चोळलं आणि दारातच आवाज चढवला. कुणाचा मका माझ्या गव्हात घातलास, असं ती विचारत होती. गिरणीवालीने तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. वर आपल्या घरातलं पीठ तिला मापून दिलं.

त्याच सुमाराला फोन यायला लागले. तक्रार करताना सुनेने घरचा नंबर दिला होता. तो त्या फायनान्स कंपनीकडे गेला आणि तिथून वसुलीवाल्याकडे. आजवर त्याला सापडत नव्हती ती बाई आता सापडली, असं त्याला वाटलं असणार. सुनेने पहिल्यांदा त्याला नीट समजावलं, दुसऱ्यांदाही समजावलं. तिसऱ्यांदा त्या दोघी हातगाडीवर गेलेल्या असताना फोन नवऱ्याने उचलला.

परत आल्या तेव्हा तो काट्याजवळ खाली मान घालून बसला होता. ओठ काळेनिळे पडले होते. सुनेने पाणी दिलं, पाठ चोळली.

"काय म्हणाला?" गिरणीवालीने विचारलं.

"दारात येऊन बसतो म्हणाला." तो थांबला. श्वास घेतला. "मला म्हणाला, बायकोच्या जिवावर गाडी उडवतोस, लाज वाटत नाही का. मला बोलताच आलं नाही त्याच्याशी. दम लागला. त्याला वाटलं, मी घाबरलो."

दोन दिवसांनी तक्रारीचं उत्तर आलं. सुनेने ते टाकीपाशी उभ्या उभ्या वाचलं. फायनान्स कंपनीने माहिती तपासली आहे, ती बरोबर आहे, खातं याच नावाचं आहे.

बरोबर आहे, हे ऐकल्यावर गिरणीवालीच्या डोक्यात इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. तपासून सांगतात म्हणजे कुणीतरी तिचे कागद दिले असणार, कुणीतरी सही केली असणार. कागद एकाच माणसाकडे होते. सुनेने परत सांगून बघितलं, की आई, थांबा, आधी त्या कंपनीत जाऊ. तोवर सासूने पायांत चपला सरकवल्या होत्या.

भाऊ दोन गावं सोडून एका गोदामाची भिंत चढवत होता. बांबूच्या परांचीवर उभा होता, हातात थापी. खाली दोन मजूर सिमेंटचा माल कालवत होते. बहिणीला बघून त्याचा चेहरा खुलला.

"अक्का? तू इकडे कुठे?"

उन्हातून चालून तिचा घसा कोरडा पडला होता. दोरीने सोलवटलेला खांदा ठणकत होता. आधी पाणी मागावं, मग त्याला बाजूला घेऊन विचारावं, असं ती वाटेत घोकत आली होती. पण तो वर उभा होता, ती खाली, आणि शब्द आपोआप बाहेर पडले.

"तू माझ्या नावावर गाडी घेतलीस का?"

माल कालवणाऱ्यांचे हात थांबले. भावाने थापीवरचा माल परत घमेल्यात टाकला. थापी घमेल्याच्या कडेला पुसली. मग तो परांचीवरून उतरला, पिंपातल्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"चार लोकांत विचारायचं होतंस हे?" तो म्हणाला.

त्याने गाडी आणली. "बस," म्हणाला.

ती बसली. त्याच गाडीवर बसली. आजवर कितीतरी वेळा ती त्याच्या मागे बसली होती, आईच्या आजारपणात तर रोज. बसली की खांद्यावर हात ठेवायची. आज तिने मागची कडी धरली.

घरी त्याने पत्र्याची पेटी उघडली. भावजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, नवऱ्याचा चेहरा बघून परत आत गेली. त्याने गाडीचे कागद काढून बहिणीच्या पुढ्यात ठेवले. कर्ज त्याच्या स्वतःच्या नावावर होतं, दुसऱ्याच एका बँकेचं. पावत्या ओळीने लावलेल्या होत्या आणि सगळ्यात वर कर्ज फिटल्याचा दाखला. तिने ते वाचले नाहीत. त्याची गरज राहिली नव्हती.

मग त्याने पेटीच्या तळातून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं एक पाकीट काढलं. त्यात तिच्या ओळखपत्राची झेरॉक्स होती आणि फोटो होता.

"वाटणीच्या वेळचे," तो म्हणाला. "पुढेमागे लागतील म्हणून ठेवले होते. घेऊन जा."

"भाऊ, मला त्या लोकांनी सांगितलं की तपासलंय..."

"गिरणी बंद पडल्याचं मला दुसऱ्यांकडून कळलं," तो मध्येच म्हणाला. "मी वाट बघत होतो. म्हटलं, अक्काला लागलं तर ती सांगेल. तू आलीस ती हे विचारायला."

भावजयीने चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली. तो तिला फाट्यापर्यंत सोडायला आला, गाडी सुरूच ठेवून ती उतरेपर्यंत थांबला आणि वळून कामावर गेला.

घरी आल्यावर नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं. त्याने नाही घेतलेली, एवढंच तिने सांगितलं. तो म्हणाला, मी नुसतं साल जुळलं म्हणून म्हणालो. ती म्हणाली, "हो, तुम्ही नुसतं म्हणालात. गेले मीच." आणि दुसऱ्या दिवशीच्या दळणांचे डबे भरायला लागली.

फायनान्स कंपनीची शाखा शहरात होती, टायरच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर. सासू-सून दोघी गेल्या. त्या दिवशी दळणं नेता आली नाहीत. जिन्यात रबराचा वास कोंडला होता, तो नाकात गेला आणि गिरणीवालीला जळलेली मोटर आठवली. काचेच्या दारामागे एक थकलेला कारकून बसला होता. त्याच्यापुढे बरीच माणसं होती आणि जो तो त्याच्याशी भांडत होता. यांची पाळी आली तोवर त्याचा आवाज बसला होता.

सुनेने रिपोर्ट पुढे केला. त्याने खातं काढलं, तिचं ओळखपत्र बघितलं, परत पडद्याकडे बघितलं.

"नाव तेच आहे," तो म्हणाला. "नवऱ्याचं नावही तेच. जन्मतारीख तीच."

"मला माझी जन्मतारीख माहीत नाही," गिरणीवाली म्हणाली. "कार्ड काढताना त्या माणसाने वर्षाचा पहिला दिवस टाकला. सगळ्यांना तोच टाकत होता."

कारकुनाने डोळे चोळले. मग असं कुणाला दाखवायचं नसतं, असं म्हणत त्याने पडदा थोडा त्यांच्याकडे वळवला. खात्यावर कर्ज घेणारीचा फोटो होता. पन्नाशीची एक बाई, गालफडं बसलेली, कॅमेऱ्याकडे न बघता जरा बाजूला बघणारी. तिच्याही जन्माचा दिवस कुणीतरी असाच टाकला असणार. गिरणीवालीने तिला कधी पाहिलं नव्हतं. गाव तिने ऐकलेलंसुद्धा नव्हतं.

"या तुम्ही नाही," कारकून म्हणाला.

"नाही."

"कर्ज देताना आमच्या माणसाने ओळखपत्राच्या नंबरचा रकाना रिकामा सोडलाय. म्हणून रिपोर्टवाल्यांनी नाव आणि तारीख जुळवली आणि तुमच्या रिपोर्टला जोडून दिलं. तुमची तक्रार आली तेव्हाही इथे नाव आणि तारीखच बघितली. जुळतंय म्हणून बरोबर आहे असं कळवलं."

"म्हणजे तिचं पीठ माझ्या डब्यात," गिरणीवाली म्हणाली.

"तसंच," तो म्हणाला. त्याला हसायचीही ताकद नव्हती. हे आधीच का बघितलं नाही, असं सुनेने विचारलं. तो म्हणाला, मी बघत नाही ताई, ते वर कुठेतरी बघतात. त्याने काय काय लागेल ते सांगितलं. प्रतिज्ञापत्र, ओळखपत्राच्या प्रती, फोटो, अर्ज. अर्ज इथे द्यायचा, शिवाय रिपोर्टवाल्यांकडे मोबाइलवर परत तक्रार करायची आणि हे सगळं त्याला जोडायचं. फोटोची प्रत गिरणीवालीच्या पिशवीत होती, भावाने परत दिलेल्या पाकिटात. तिने ती काढून दिली.

प्रतिज्ञापत्रासाठी दुसरी खेप झाली, शिक्क्यासाठी तिसरी. प्रत्येक खेपेला गाडीभाडं, झेरॉक्स आणि दळणाचा एक दिवस. फुकट म्हणतात ते हेच का, असं सून एकदा परतीच्या वाटेवर म्हणाली आणि दोघींना हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं. लगेच गिरणीवालीला खोकल्याची उबळ आली आणि हसणं तिथेच राहिलं. तिने त्या खोकल्याकडे लक्ष दिलं नाही, पण सुनेने दिलं.

मधल्या दिवसांत फोटोतली ती बाई गिरणीवालीच्या मनात येत राहिली. हातगाडी ओढताना यायची. कुणासाठी घेतली असेल तिने गाडी? मुलासाठी, भावासाठी? आता वसुलीवाला तिच्या दारात जाईल. गिरणीवालीला तिचा रागही येत नव्हता आणि तिच्याबद्दल वाईट वाटून घ्यायला अंगात त्राणही उरलं नव्हतं.

मग एका दुपारी मोबाइल वाजला. सून टाकीपाशी जाऊन उभी राहिली आणि तिथूनच तिने सांगितलं की लाल चौकोन गेले. ते खातंच रिपोर्टमधून काढून टाकलं होतं. खाली गिरणीच्या शेडचं फिटलेलं कर्ज तेवढं होतं. नवरा म्हणाला, परत वाच. सुनेने परत वाचलं. कुणी क्षमा मागितली आहे का, असं त्याने विचारलं. सुनेने खालपर्यंत बघितलं. तसं काही नव्हतं.

बँकेच्या साहेबाने फाइल पुढे पाठवली. मोटर आली, दगड आले. बसवून देणाऱ्याने एक दिवस घेतला. पण तोवर लोकांची कापणीनंतरची मोठी दळणं निम्मीशिम्मी उरकली होती आणि काहीजणांना पलीकडच्या चक्कीची सवय लागली होती. हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होणार होता.

गिरणी सुरू झाल्याचं तिने भावाला फोनवर कळवलं. बरं झालं, तो म्हणाला. तिला पुढचं बोलायचं होतं, पण मागे भिंतीवर हातोडी पडत होती आणि ऐकू येत नाही असं म्हणून त्याने फोन ठेवला.

आठवड्याच्या शेवटी तो आला. गाडीच्या मागे गव्हाचं पोतं बांधलेलं. रांगेत चार दळणं होती, त्यांच्या मागे त्याने पोतं लावलं. गिरणीवाली त्याचं आधी घ्यायला पुढे झाली तर त्याने मानेने नको म्हटलं. तो काट्याजवळ भावजींपाशी बसला, त्यांच्या छातीची चौकशी केली, गोदामाचं काम कुठवर आलंय ते सांगितलं. सुनेने दिलेला चहा प्यायला. कुणी बघितलं असतं तर काही झालंय असं वाटलं नसतं.

त्याची पाळी आली. तिने पोतं नरसाळ्यात रिकामं केलं, दगड बारीकवर आणले, खालच्या कापडी नळीशी हात धरून पीठ बोटांत बघितलं. त्याच्या घरी कसं लागतं ते तिला विचारावं लागत नव्हतं. पोतं भरलं, तोंड बांधलं. नवरा वजन करायला लागला तेव्हा भावाने खिशात हात घातला.

त्याच्याकडून तिने कधी दळणाचे पैसे घेतले नव्हते. त्यानेही कधी खिशात हात घातला नव्हता. शेडची भिंत त्याने बांधली तेव्हा मजुरीचं नावही काढलं नव्हतं.

"भाऊ, ते नको," ती म्हणाली.

तो नोटा धरून उभा राहिला. सिमेंटने बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, त्यांत पीठ गेलं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. मोटरीच्या आवाजात तिला ते मोठ्याने म्हणावं लागलं आणि रांगेतल्या दोन बायकांनी मान वर केली.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "घे. व्यवहार लिहिलेला, मोजलेला असला की कुणी कुणाला विचारायची वेळ येत नाही."

नवरा खाली बघत होता. गिरणीवालीने हात पुढे केला, नोटा घेतल्या आणि नवऱ्याजवळच्या डब्यात टाकल्या. सुटे परत द्यायचे होते, ते नवऱ्याने मोजून दिले आणि भावाने घेतले. मग दोघांनी मिळून पोतं उचललं, तिने एका टोकाला, त्याने दुसऱ्या, आणि गाडीवर ठेवलं. त्याने दोरी आवळली.

"पुढच्या पंधरवड्याला येईन," तो म्हणाला.

"ये," ती म्हणाली.

गाडी वळणाआड जाईपर्यंत ती दारात थांबली नाही. पुढचं दळण मक्याचं होतं. तिने खटका पाडला, दगड सैल केले आणि आत अडकलेला भावाचा गहू ब्रशने काढायला ती खाली वाकली.